चारशे आठ नंबर

प्रशीलच्या घरात चिठ्ठी नसलेली वस्तू शोधूनही सापडायची नाही. जळगावच्या मेहरूण भागातल्या त्याच्या दोन खोल्यांत मीटरच्या पेटीवर कुठलं बटण कुठल्या दिव्याचं ते लिहिलेलं, डाळींच्या डब्यांवर डाळ भरल्याची तारीख, आणि फ्रिजच्या मागे, जिथे माणसाची नजर जन्मात जात नाही, तिथेही 'प्लग काढण्याआधी दोन मिनिटे थांबावे' अशी सूचना. बायको नूतन म्हणायची, "एक माझ्या कपाळावर चिकटवायची राहिलीय तेवढी." तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी बदलल्याची तारीख लिहून टाकीवर चिकटवायचा. रांगेत कुणी पुढे घुसलं तर हा भांडायचा नाही, उलट सरकून जागा करून द्यायचा. स्वतः मात्र पुढे सख्खा मित्र उभा असला तरी मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहायचा. चांगुलपणाचीही खोड असते, आणि कुठलीही खोड कधी ना कधी अंगाशी येतेच. प्रशीलच्या ती कशी आली, ते सांगायचं आहे.

सध्या तो जळगावला एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. पण त्याची उमेदीची वर्षं गेली धुळ्याला, बोलीभाषेच्या एका अभ्यास केंद्रात. केंद्राचं नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात ती एका संस्थेच्या आवारातली मागची खोली होती. एक कॉम्प्युटर, आवाज नोंदवायचं एक यंत्र, आणि माणसं दोन. तांत्रिक सहायक प्रशील आणि शिपाई भिकन नाना. दोन हजार आठपासून तीन वर्षं प्रशील साक्री, शिंदखेडा, शिरपूरच्या गावागावांत हिंडला. म्हाताऱ्या बायांसमोर माईक ठेवायचा आणि म्हणायचा, "नाव सांगा, अक्का." मग अक्का सुरू व्हायची. लग्न, बाळंतपण, दुष्काळ, जात्यावरची गाणी, सासू. सासूचा भाग सगळ्यात लांब. अशा चारशे बारा बायांचे आवाज त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात जमा झाले. त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत.

चारशे आठ नंबरला प्रशीलची आई होती, कलाबाई.

तिचं नाव यादीत त्याने घातलंच नव्हतं. आपल्याच आईला माईकसमोर बसवलं तर लोक काय म्हणतील, हा त्याचा धाक. कलाबाईचा जन्म एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापण्यात आणि पोरांना वाढण्यात गेला होता. एक दिवस डोळे दाखवायला ती धुळ्याला आली आणि डबा घेऊन केंद्रावर टेकली. त्या दिवशी जी बाई यायची होती ती आलीच नाही. भिकन नाना तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी खात खात म्हणाले, "भाऊ, तुन्ही मायलेच बसाड ना. ती काय मुकी शे का?"

प्रशील नाइलाजाने तयार झाला. इतर सगळ्यांना विचारायचा तसंच तिलाही विचारलं, "नाव सांगा, अक्का." कलाबाई खळखळून हसली. "आते मायलेच नाव इचारस का रे?" मग सव्वा तास बोलली. प्रशील समोरच हेडफोन लावून बसला होता, पण त्याचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. पडद्यावरच्या आवाजाच्या हिरव्या पट्ट्या लाल होत नाहीत ना, पंख्याची घरघर आत शिरत नाही ना, याकडे होतं. ऐकू नंतर निवांत, असं त्याने मनाशी ठरवलं.

पुढच्या वर्षी कलाबाई गेली. घरात तिचे चार फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. तेव्हा त्यांच्या घरी साधे बटणांचे फोन. केंद्रातून एक प्रत घरी आणायला कोण अडवत होतं? कोणीच नाही. पण संस्थेचा माल संस्थेत, हा याचा बाणा. केंद्रात बसून एकदा ऐकायला घेतलं. स्वतःचा "नाव सांगा, अक्का" ऐकला, तिचं हसणं सुरू झालं, आणि त्याने घाईघाईने बंद केलं. सोसवलं नाही त्याला. पुन्हा कधी तरी म्हणता म्हणता वर्षांमागून वर्षं गेली, आणि गेल्या थंडीत अनुदान थांबून केंद्रच बंद पडलं.

प्रशील जळगावला आला, कॉम्प्युटर धुळ्यालाच राहिला. तो डेडस्टॉकच्या रजिस्टरात नोंदलेला, त्यामुळे इमारतीबाहेर न्यायचा नाही. पूर्वी एकदा कुणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला होता, तेव्हापासून संस्थेने सगळ्या कॉम्प्युटरांच्या पेनड्राइव्हच्या खाचा गोंद भरून बुजवल्या होत्या. प्रशीलने दोन अर्ज केले. दोन्हींना एकच उत्तर आलं, अर्ज विचाराधीन आहे. विचार अजून चालू असावा.

त्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क थकलेली. अशा जुन्या डिस्कची एक गोम असते. फिरतेय तोवर फिरते. एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याचा नेम नाही. प्रशीलला हे ठाऊक होतं म्हणून निघताना त्याने कॉम्प्युटरच्या डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली, 'हे मशीन कधीही बंद करू नये', आणि नानांना तीन तीनदा बजावलं. संस्थेचे शालिग्राम सर माणूस वाईट नव्हते, फक्त भित्रे होते. म्हणाले, "नेटवरून काय उतरवायचं ते उतरवा, माझी ना नाही. पण लेखी मागू नका."

आता नेटवरून उतरवायचं तर मध्ये संस्थेची फायरवॉल. फायरवॉल म्हणजे फाटकावरचा असा रखवालदार की आतल्या माणसाला बाहेर जाताना तो काही विचारत नाही, पण बाहेरून आलेला वरातीचा नवरदेव असला तरी त्याला आत सोडत नाही. जळगावहून प्रशीलने धुळ्याच्या मशीनला कितीही हाका मारल्या तरी त्या फाटकावरच अडणार. मग त्याने उलटा मार्ग काढला. बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. शालिग्राम सरांना विचारून एक दिवस धुळ्याच्या खोलीत जाऊन बसला आणि आतल्या मशीनलाच बाहेर हाक मारायला शिकवलं. एसएसएच नावाच्या आज्ञेची एक ओळ. त्या ओळीने मशीन बाहेरच्या सर्व्हरला फोन लावल्यासारखी लाइन जोडायचं आणि ती धरून ठेवायचं. सर्व्हरवर एक पोर्ट, म्हणजे एक दार, उघडं राहायचं, दोन हजार दोनशे बावीस नंबरचं. जळगावहून प्रशीलने त्या पोर्टावर थाप मारली की ती त्याच धरलेल्या लाइनीतून उलट्या वाटेने थेट धुळ्याच्या खोलीत पोचायची. दार आतूनच उघडलेलं, त्यामुळे रखवालदाराची तक्रार नाही. लाइन तुटली तर मिनिटभराने मशीनने पुन्हा हाक मारायची, असंही लिहून ठेवलं. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. लॅबमधल्या मुलांना तो हे दरवर्षी शिकवायचा. मुलं दरवर्षी विसरायची.

भिकन नाना मागे उभे राहून बघत होते. "म्हंजे हाई आठे बसीसन तुले जळगावले फोन लाई ऱ्हायनं?"

"हो नाना. आणि फोन कधी खाली ठेवायचाच नाही."

"मन्ही सूनबी तशीच शे," नाना म्हणाले आणि फडक्याने डब्यावरची धूळ पुसायला लागले.

बुद्धपौर्णिमेला पहिला आवाज जळगावात उतरला. सुटी होती. असोद्याला दिलेली धाकटी बहीण सपना खीर घेऊन आली होती. पडद्यावर एक नंबर पूर्ण झालेला बघून ती म्हणाली, "भाऊ, मायनं आधी ले."

"क्रमाने घ्यायचं ठरवलंय. डिस्क म्हातारी झालीय, इकडून तिकडे उड्या मारायला लावल्या तर ताण येतो."

"एकच तर शे. एका उडीमा काय मरस ती?"

डिस्कचं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. चारशे बारा बाया रांगेत उभ्या आहेत आणि वाढणारा आपण आहोत. आपल्या आईचं ताट आधी वाढायचं? वसतिगृहात कलाबाई सगळी पोरं उठल्यावर जेवायला बसायची. प्रशील लहानपणी तिच्याबरोबर असायचा आणि भुकेने कासावीस व्हायचा, तेव्हा ती म्हणायची, "वाढनाराना घास शेवटला ऱ्हास." ते त्याने सपनाला बोलून दाखवलं.

सपनाने खिरीची वाटी त्याच्यापुढे आपटलीच. "मायनं हाई बी सांगेल व्हतं, का शेवटले भांडं रिकामं ऱ्हायनं ते वाढनारा उपाशी झोपस. ते बरं तुले याद नही."

तर असं क्रमाने चालू झालं. एकेक नोंद तास सव्वा तासाची, फाइली अवजड, संस्थेची लाइन मुंगीच्या पावलाची. दिवसाला दोन उतरायच्या, फार झालं तर तीन. डिस्क मध्येच अडायची, मग तीच फाइल पहिल्यापासून. प्रशील सकाळी सहाला उठून बघायचा, किती उतरलं. प्रत्येकीचं पहिलं मिनिट ऐकायचा, वहीत नाव आणि गाव लिहून खूण करायचा. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला त्याचाच कोवळा आवाज, "नाव सांगा, अक्का." सत्तेचाळीस नंबरच्या सुंदरबाईचं खळखळून हसणं ऐकून, ओळखीचं वाटून, तो जरा थबकला होता. मग खूण करून पुढे गेला. शिरपूरकडच्या समाधान नावाच्या एका माणसाला त्याने त्याच्या आजीचा आवाज पाठवला, तेव्हा तो फोनवर ढसाढसा रडला. म्हणाला, "सर, तुमच्या आईचे पांग फेडले तुम्ही." प्रशीलने फोन ठेवला आणि दोनशे अकरावी नोंद लावली.

श्रावण गेला, गणपती गेले, पितरं जेवून गेली. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तीनशे एक्याण्णव पूर्ण झाली. मोजून आठवडा. आठवडाभरात चारशे आठ आली असती. प्रशीलने नवे हेडफोन घेऊन ठेवले होते, हे नूतनला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

दसरा. प्रशीलच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सकाळीच पांढरा सदरा घालून तो नूतनबरोबर विहारात गेला. वंदना, भाषण, मग सगळ्यांचं जेवण. तिथेही वाढायला हाच. दुपारी घरी येऊन बघतो तर पोर्ट बंद. थाप मारली, उत्तर नाही. फायरवॉलने लाइन तोडली असेल, मिनिटभरात मशीन पुन्हा हाक मारेल म्हणून थांबला. मिनिट गेलं, तास गेला. तेव्हा त्याला एकदम आठवलं की आज धुळ्यात नानांचाही दसरा आहे.

दरवर्षी दसऱ्याला भिकन नाना केंद्रातल्या यंत्रांची पूजा करायचे. घरी नांगर-विळ्याची करायची तशीच. प्रशील तिथे असायचा तोवर पूजेआधी हजर राहून सांगायचा, "नाना, पडद्याला काय लावायचं ते लावा, डब्याला हात नको." इतकी वर्षं हे ठरलेलं. चिठ्ठ्यांच्या या राजाने सगळं लिहून ठेवलं होतं, दसऱ्याचं तेवढं लिहायचं राहिलं. ते लिहायची गरज कधी पडलीच नव्हती. तो स्वतःच तिथे असायचा.

त्याने फोन लावला. नाना खुशीत होते. "भाऊ, आज सुटी दिधी त्याले. सोळा वरीस व्हयनात, एक दिन इसावा नही. बैलना खांदवरबी पोळाले जू ऱ्हास नही. सकायले पुसं, पूजा करी, हार घाला, नी निजाडी दिधं."

"नाना, चिठ्ठी होती ना!"

"व्हती ना. तिलेबी कुकू लावं."

प्रशील एवढंच म्हणाला, "आता हात लावू नका. मी येतो."

हे म्हणायला नको होतं. त्याचा आवाज ऐकून म्हातारा घाबरला. आपल्या हातून काही तरी बिघडलं, ते पोरगा यायच्या आत आपणच नीट करावं, असं त्याच्या मनाने घेतलं. बटण दाबलं. आतून टिक टिक आवाज आला, पडदा काळाच. बंद केलं, चालू केलं. टिक टिक. हट्टी मोटारसायकलला किक मारत राहावं तसं नानांनी ते बटण संध्याकाळपर्यंत किती वेळा दाबलं, त्याची मोजदाद नाही. एकदा थांबलेली डिस्क कदाचित, कदाचितच, जाणत्या हातात बोलली असती. प्रत्येक दाबण्यासरशी ती आतून खरवडत गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने प्रशील एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचला. डब्यावर झेंडूचा हार होता, चिठ्ठीवर कुंकवाचं बोट. शालिग्राम सरांनी या वेळी लेखी-तोंडी काहीच न बोलता डबा उघडू दिला. प्रशीलने डिस्क काढून नाशिकच्या एका माणसाकडे नेली. मेलेल्या डिस्कमधून माहिती काढणारा म्हणून त्याचं नाव होतं. त्याने ती उघडून दिव्याखाली धरली. चकतीवर गोल गोल चरे उमटले होते. "इथे आता वाचायला काही उरलं नाही, साहेब," तो म्हणाला.

सपनाला सांगायला तो स्वतः असोद्याला गेला. तिने 'मी सांगितलं होतं' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती तसं काही बोलली नाही. चुलीपुढे बसून राहिली. मग विचारलं, "काय काय बोलनी व्हती माय?"

प्रशीलने खूप आठवून पाहिलं. तिचं हसणं, पहिलं वाक्य, आणि पुढे हिरव्या पट्ट्या. पट्ट्या एकदाही लाल झाल्या नव्हत्या, हे त्याला पक्कं आठवत होतं.

"सव्वा तास तू तिन्हा सामने बठेल व्हता ना, भाऊ?" सपना म्हणाली. मग पदराने डोळे पुसून चहाचं आधण ठेवायला उठली.

दिवाळीनंतर शालिग्राम सरांचा फोन आला. नाना कामावर येतात, पण बोलत नाहीत, जेवत नाहीत, त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असतात. तुम्ही एकदा येऊन जा. प्रशीलच्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता असं नाही. चांगला धुमसत होता. रात्र रात्र त्याने मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलून घेतलं होतं. पण गेला.

नाना खरंच उंबऱ्यावर होते. निम्मे उरले होते. प्रशीलला बघून उठायला गेले, उठवलं नाही. "भाऊ, बठ्ठं गयं ना मन्हा हातखाल?"

जन्मात चिठ्ठीवरही खोटं न लिहिलेला हा माणूस. तो नानांशेजारी बसला आणि म्हणाला, "नही नाना. दसराना आधीच बठ्ठं उतारी लिधं व्हतं मी."

"बठ्ठं? चारशे बारा?"

"चारशे बारा."

"कलाबाईनं बी?"

"हो."

नानांनी दोन्ही हात जोडून खोलीतल्या त्या रिकाम्या डब्याकडे बघितलं. हार वाळून तसाच होता, काढायची त्यांची हिंमत झाली नव्हती. तोंडावर जीव आला त्यांच्या. मग लहान पोराने हट्ट करावा तसे म्हणाले, "मंग माले एकदाव ऐकाड ना. तिन्हा हातनी चटनी खाएल शे मी."

हे प्रशीलच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने मोबाइल काढला. नावांच्या यादीवरून बोट खाली गेलं, वर आलं, आणि सत्तेचाळीसवर थांबलं. सुंदरबाई. पहिलं मिनिट त्याने ओलांडलं, कारण त्यात ती स्वतःचं नाव सांगत होती. पुढचं लावलं. कुणाची तरी आई कुठल्या तरी दुष्काळातल्या कोंड्याच्या भाकरीबद्दल बोलू लागली आणि मध्येच हसली.

नाना मान खाली घालून ऐकत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते. "तीच," ते म्हणाले. "बराबर तीच शे."

नाही हो नाना, ही ती नाही, असं प्रशील मनात म्हणाला, आणि ती कशी होती ते पडताळून बघायला त्याने आईचा आवाज आठवायला घेतला. तिने त्याला शाळेत जाताना मारलेली हाक आठवून पाहिली. घासाचं ते वाक्य आठवून पाहिलं. "मायलेच नाव इचारस का रे" आठवून पाहिलं. शब्द सगळे आले. पण ते सुंदरबाईच्या आवाजात आले. त्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा तिच्याच. खरा आवाज कुठला, हे सांगणारं आता जगात काही उरलं नव्हतं, आणि त्याच्या कानातही नव्हतं.

त्याला ते ऐकवेना. बंद करायला त्याने बोट पुढे नेलं.

"ऱ्हाऊ दे ना भाऊ," नाना त्याचा हात धरून म्हणाले. "बंद नको करू."

प्रशीलने बोट मागे घेतलं.